आयपॅड नाही म्हणून अडू नका: फोन, जुना लॅपटॉप आणि कमी पैशांत चालणारी ड्रॉइंग ॲप्स

भाचा नववीत आहे. गेल्या वर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ए ग्रेड मिळाली, यंदा इंटरमिजिएटला बसतोय, आणि आता त्याने घरात धोशा लावलाय की मला आयपॅडच पाहिजे कारण युट्यूबवर सगळे प्रोक्रिएट ह्या आयपॅडच्या ॲपवर काढतात. ताईचा फोन आला, म्हणाली तूच समजाव बाई त्याला, आमच्याकडे एवढे पैसे आत्ता नाहीयेत. मी त्याला म्हटलं, "थांब, घरात आहे त्यात काय काय होतं ते आधी बघू, मग आयपॅडचं बोलू." आणि मग तीन आठवडे रोज संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर एकच चित्र वेगवेगळ्या ॲपवर काढत बसले. त्यातून जे कळलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घरातला नाहीये, माझ्या ऑफिसात पण दोघी-तिघींनी मुलांसाठी हेच विचारलंय.

माझ्याकडे काय आहे ते आधी सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. फोन ४ जीबी रॅमचा, साधा अँड्रॉइड. लॅपटॉप ८ जीबीचा, बऱ्यापैकी जुना. आणि एक लहान पेन टॅब, म्हणजे स्क्रीन नसलेली काळी पाटी, यूएसबीने लॅपटॉपला लावायची, ती मी तीनेक हजारांत घेतली होती. चित्र कुठलं, तर परीक्षेतलं वस्तुचित्र डोळ्यासमोर ठेवून पितळी तांब्या, त्याखाली घडी घातलेला पंचा आणि शेजारी दोन लिंबं. तांब्या मुद्दाम घेतला, कारण त्याच्या मानेची जी वळणदार रेघ असते ना ती एका झटक्यात ओढता आली पाहिजे, आणि पितळेवरची चमक दाखवताना ब्रश कसा चालतो ते लगेच कळतं.

पहिलं ॲप आयबिस पेंट एक्स. जपानी ॲप आहे, २०११ पासून आहे, आणि फोनवर शिकणाऱ्यांसाठी माझं मत विचाराल तर इथूनच सुरू करा. फोनच्या छोट्या स्क्रीनवर बोटाने रेघ ओढली की ती थरथरते, हे सगळ्यांचंच होतं. आयबिसमध्ये वर स्टॅबिलायझर म्हणून सेटिंग आहे, ते वाढवलं की रेघ बोटाच्या किंचित मागून येते पण गुळगुळीत येते, तांब्याची मान मला तिसऱ्या वेळी जमली, स्टॅबिलायझर शून्यावर ठेवून वीस वेळा केलं तरी जमली नव्हती. फक्त ते फुल्ल करून ठेवू नका, छोट्या छोट्या रेघांना, म्हणजे पंचाच्या किनारीला वगैरे, मग ते जड वाटतं आणि कोपरे गोल होतात. लांब वळणाला जास्त, बारीक कामाला कमी, असं बदलत राहायचं.

दुसरी गोष्ट क्लिपिंग. पोस्टर कलरने शिकलेल्या माणसाला ही गोष्ट एकदा कळली की डिजिटलची भीतीच जाते. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. खालच्या लेयरवर तांब्याचा सपाट पिवळा आकार भरायचा, वर नवा लेयर घ्यायचा, त्याला क्लिपिंग लावायचं, की मग वरच्या लेयरवर कितीही मोठ्या ब्रशने सावली मारा, रंग तांब्याच्या बाहेर जाणारच नाही. भाच्याला व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तेव्हा तो पाच मिनिटं नुसता तेच करत बसला होता. सावलीच्या लेयरला मल्टिप्लाय मोड ठेवला तर खालचा पिवळा झाकला न जाता गडद होतो, अगदी जलरंगाचा दुसरा हात दिल्यासारखा. लिंबांना पण तसंच केलं.

आणि आयबिस तुम्ही चित्र काढताना सगळं रेकॉर्ड करून ठेवतं, शेवटी त्याचा छोटा व्हिडिओ मिळतो. रील टाकायला लोक वापरतात ते ठीकच आहे, पण मला त्याचा खरा उपयोग शिकवायला झाला. भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओत मला दिसलं की तो बाह्यरेषा पूर्ण व्हायच्या आधीच चमक काढायला जातो. नुसतं तयार चित्र बघून ते कधीच कळलं नसतं.

फुकटच्या आवृत्तीत जाहिराती आहेत, आणि काही ब्रश जाहिरात बघितली की तेवढ्या काही तासांपुरते उघडतात. शिकताना हे चालतं. पण रोज वापरायला लागलात की जाहिराती काढायचं ॲड-ऑन एकदाच पैसे देऊन घेता येतं ते घ्या, यूपीआयने होतं. त्याच्या शेजारीच प्राइम मेंबरशिप दिसते, ती वेगळी, तिचे पैसे दर महिन्याला किंवा वर्षाला जातात. पहिल्या वर्षात तिची काही गरज नाहीये, आणि मुलाच्या फोनवर ऑटोपे चालू झालं की पालकांच्या ते लक्षात येत नाही, त्यामुळे बटण दाबायच्या आधी नीट वाचा.

आता स्केचबुक. ह्याची गोष्ट मला आवडते. आधी हे एलियस कंपनीचं होतं, २००६ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी घेतली, मग २०१८ मध्ये त्यांनी ते सगळ्यांना फुकट केलं आणि २०२१ मध्ये ते वेगळ्या कंपनीकडे गेलं. आता फोनवर फुकट मिळतं, थोडे पैसे भरले की जास्तीची साधनं उघडतात, लॅपटॉपसाठीची प्रो आवृत्ती एकदाच विकत घ्यायची. उघडल्या उघडल्या समोर पांढरा कागद आणि पेन्सिल, बाकी पसारा नाही. कच्चं स्केच करायला मला अजूनही हेच बरं वाटतं, पेन्सिलचा पोत खरा वाटतो, तांब्याचं पहिलं रेखाटन इथे सगळ्यात मोकळं आलं. सिमेट्री पण छान आहे, मध्यातून फिरणारी असते ती लावून भाच्याच्या बहिणीने दहा मिनिटांत रांगोळी काढली, एक पाकळी काढली की बाकीच्या आपोआप. पण रंगकाम, लेयरचं बारीक काम करायचं म्हटलं की मी परत आयबिसकडे येते. मनातलं पटकन उतरवायला स्केचबुक आणि चित्र पूर्ण करायला आयबिस असं माझं सध्या चाललंय.

मेडीबँग पेंट पण जपानीच, पण तिचा ओढा कॉमिककडे आहे, पानावर चौकटी पाडायला, संवादांचे फुगे करायला. ज्याला गोष्टी काढायच्यात त्याने बघा, वस्तुचित्र आणि रंगकाम शिकणाऱ्याला त्यात वेगळं असं काही मिळणार नाही. इन्फिनिट पेंटर अँड्रॉइडवर खरंच सुंदर आहे, रंग एकमेकांत मिसळतात ते बघून मला ओल्या कागदाची आठवण आली, पण आधी ट्रायल आणि मग एकदाच पैसे असा प्रकार आहे, म्हणून सुरुवातीला नको, सहा महिने हात बसल्यावर स्वतःलाच बक्षीस म्हणून घ्या. क्लिप स्टुडिओ पेंट मोठं नाव आहे, मंगा म्हणजे जपानी कॉमिक काढणारे बरेचजण तेच वापरतात, पण फोन-टॅबवर ते वर्गणीवर चालतं, त्यामुळे आपल्या यादीतून सध्या बाहेर.

आणि आता क्रिता, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

घरात कुठलाही बरा लॅपटॉप किंवा पीसी असेल तर क्रिता टाकाच. पूर्ण फुकट, जाहिरात नाही, लॉगिन नाही, ट्रायल संपायची भानगड नाही. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, केडीई नावाच्या समुदायातून आलंय. त्यांच्या वेबसाइटवरून घेतलं तर फुकट, स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये पैसे मागतात तेव्हा गोंधळू नका, सॉफ्टवेअर तेच आहे, तिथले पैसे पुढच्या कामाला जातात, ज्याला मदत करायचीय त्याने तिथून घ्यावं. नावाचं पण सांगते, स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू, आणि त्यांनीच सांगितलंय की दुसरा संदर्भ महाभारतातल्या कृत शब्दाचा आहे, आपलं कृतयुग म्हणतात ना ते. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

पहिल्यांदा उघडल्यावर सगळीकडे बटणंच बटणं दिसतात आणि माणूस बंद करून टाकतो. तसं करू नका. चार गोष्टी पुरतात. उजवं बटण दाबलं की गोल चकती येते, तिच्यात आवडते ब्रश आणि रंग दोन्ही असतात, बाकी पॅनल बघायचीच गरज नाही. ई दाबलं की हातातला ब्रशच खोडरबर होतो, पोत तोच राहतो, त्यामुळे खोडलेली जागा पण रंगवल्यासारखी दिसते. एम दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतं, आणि तांब्या कुठल्या बाजूला कललाय ते एका सेकंदात कळतं, आमच्या चित्रकलेच्या बाई आम्हाला चित्र आरशासमोर धरायला लावायच्या तेच हे. आणि कंट्रोल झेड, ते तर सगळ्यांना माहितीच आहे.

मग संकल्पचित्राला, म्हणजे नक्षीकामाला आले. क्रितामध्ये डब्ल्यू दाबलं की रॅप अराउंड चालू होतं, म्हणजे कॅनव्हासच्या उजव्या कडेच्या बाहेर गेलेली रेघ डाव्या कडेने आत येते, वरून गेलेली खालून येते, आणि तेच चित्र चारही बाजूंना परत परत दिसत राहतं. मी पैठणीच्या पदरावरचा मोर घेतला. पिसारा मुद्दाम कडेबाहेर जाऊ दिला, आणि तो शेजारच्या मोराच्या पायाशी येऊन बसला, मधली मोकळी जागा एका कोयरीने भरली, की लगेच पूर्ण पदर समोर तयार! शाळेत आम्ही हे ट्रेसिंग पेपर सरकवून सरकवून करायचो, जोड कुठे चुकलाय ते शेवटी कळायचं आणि मग सगळं परत. ज्यांना कापडावरची डिझाइन, ब्लॉक प्रिंट, साडीचे काठ असलं काही करायचंय त्यांनी फक्त ह्या एका गोष्टीसाठी क्रिता शिकावं असं मी मनापासून सांगते.

एक आहे, क्रिता अँड्रॉइडवर पण आहे पण ते टॅब आणि क्रोमबुकसाठी, फोनसाठी नाही, आणि आयपॅडवर नाहीये. मोठ्या पोताचे ब्रश जुन्या मशीनला जड जातात, तेव्हा ब्रश लहान घ्या किंवा कॅनव्हास लहान घ्या.

कॅनव्हासचं निघालंच आहे तर, सगळे ब्रश ब्रश करतात पण घोडं इथे अडतं. ए४ कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, ८७ लाख पिक्सेल झाले. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक लेयर साधारण ३५ एमबी. वीस लेयर केले की ७०० एमबी! ॲप आपापल्या परीने ते वाचवतात, तरी ४ जीबीच्या फोनवर निम्मी मेमरी आधीच बाकीच्या गोष्टी खात असतात. म्हणून मोठा कॅनव्हास घेतला की लेयर कमी मिळतात किंवा रेघ अडखळायला लागते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. सरावाला १५००-२००० पिक्सेल पुरे. छापायचं असेल तर मात्र आधीच ठरवा. पहिल्या वर्षी मी दिवाळीचं ग्रीटिंग १०८० पिक्सेलला काढलं, फोनवर इतकं सुंदर दिसत होतं, आणि ए४ वर छापून आणलं तर पणतीच्या ज्योतीच्या पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या. चार बाय सहा इंचाचं कार्ड असेल तर १२०० बाय १८०० लागतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आणि स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी छापल्यावर कधीच तसा येत नाही, शाईत तो रंगच नसतो. क्रितामध्ये सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग घेऊन काम करता येतं, म्हणून छपाईचं काम मी तिथेच संपवते.

आता पेन. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून सविस्तर सांगते. फोनवर चालणारे शे-दोनशेचे जे पेन मिळतात, रबरी टोकाचे किंवा पारदर्शक चकतीचे, ते फोनला नुसतं बोटच वाटतात. दाबलं तर रेघ जाड आणि हलकं धरलं तर बारीक हे त्यात होत नाही. मला एका दुकानात असाच एक पेन प्रेशरवाला आहे म्हणून साडेआठशेला दिला, घरी आले तर काही नाही, परत घेऊन गेले तर बॉक्स उघडलाय म्हणून घेतला नाही. तेव्हा दुकानातच पेन हातात घ्या, आयबिस उघडा, एक रेघ हलकी आणि एक दाबून ओढा. दोन्ही सारख्याच आल्या तर प्रेशर नाही, विषय संपला. चकतीवाला पेन वाईट नाहीये बरं का, बोटापेक्षा टोक कुठे टेकतंय ते दिसतं, फक्त त्याचे शंभर-दीडशेच द्या.

खरं प्रेशर हवं असेल तर पेन टॅब. एक्सपी-पेन, ह्युऑन, वॅकॉम ह्यांचे लहान टॅब मिळतात, वॅकॉमच्या लहान इंट्युओसला दाबाच्या ४०९६ पातळ्या आहेत, बाकीचे ८१९२ किंवा त्याहून जास्त सांगतात, पण नवशिक्याच्या हाताला त्यातला फरक कळत नाही, त्यामुळे त्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका. हात खाली आणि नजर वर स्क्रीनवर, ह्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, पहिल्या चार दिवसांत कपाटात टाकू नका. आणि टॅब लावल्यावर एक करा, त्याच्यावर वाटी उपडी ठेवा आणि कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर वर्तुळ आलं तर ठीक, अंडाकृती आलं तर टॅबच्या सेटिंगमध्ये स्क्रीनचं आणि पाटीचं प्रमाण जुळलेलं नाहीये, ते जुळवून घ्या. माझी एक मैत्रीण दोन महिने आपले चेहरे लांबट का येतात म्हणून हैराण होती, वाटी फिरवली आणि पाच मिनिटांत कारण सापडलं.

आयपॅडचं पण न्यायाने लिहिते. प्रोक्रिएट चांगलंच आहे, फार चांगलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची कंपनी आहे, २०११ पासून, एकदा पैसे दिले की झालं, अमेरिकेत १२.९९ डॉलरला आहे, वर्गणी नाही, आणि २०२४ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की आम्ही जनरेटिव्ह एआय घालणार नाही, त्याचा मला आदर वाटतो. पण ॲप स्वस्त असलं तरी त्याच्यासाठी आयपॅड लागतो, वर पेन्सिल वेगळी. आणि पेन्सिल घेताना सांभाळा, ॲपलची जी स्वस्तातली यूएसबी-सी पेन्सिल आहे तिला प्रेशर नाहीये. चित्रासाठी म्हणून एवढे पैसे घालायचे आणि नेमकं प्रेशरच नाही असं होऊ नये. टॅबच घ्यायचा असेल तर सॅमसंगचा एस ६ लाइट बघा, त्याचा पेन बॉक्समध्येच येतो आणि प्रेशर आहे. पण सॅमसंगच्या सगळ्याच टॅबवर तो पेन चालत नाही, ए९ वर चालत नाही, तेव्हा नाव नीट वाचून घ्या.

फोटोशॉपचं क्रॅक कुणी पेनड्राइव्हवर देत असेल तर नका घेऊ. क्रिता फुकट असताना चोरीचं आणि वर व्हायरसचं लफडं कशाला, आणि शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी ते शिकवू पण नये.

अजून एक, आणि हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. चित्रं ॲपच्या बाहेर काढून ठेवा. मी फोनमध्ये जागा होत नाही म्हणून एक ॲप काढून टाकलं, उद्या परत टाकू म्हणून, आणि त्याच्या आत असलेली साठ-पासष्ट चित्रं गेली. त्यात आजीचं एक चित्र होतं, ती गव्हाचं सूप धरून पाखडत बसलेली, समोर बसून काढलेलं. आजी आता नाही. बरीचशी ॲप्स चित्र स्वतःच्याच पोटात ठेवतात, गॅलरीत जे दिसतं ते तुम्ही एक्सपोर्ट केलेलं तेवढंच असतं. तेव्हापासून दर रविवारी मी प्रत्येक चित्राची पीएनजी (साधं तयार चित्र) आणि लेयरसकट पीएसडी (फोटोशॉपची फाइल) काढून ड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवर ठेवते. पीएसडीचा दुसरा फायदा म्हणजे आयबिसमध्ये सुरू केलेलं चित्र लेयरसकट क्रितामध्ये उघडता येतं, भाचा आता तसंच करतो, एसटीत येता-जाता फोनवर काढतो आणि सुट्टीच्या दिवशी भाऊजींच्या लॅपटॉपवर पूर्ण करतो.

त्याच्यासाठी शेवटी काय घेतलं ते सांगते. आयबिसच्या जाहिराती काढल्या, लॅपटॉपवर क्रिता टाकलं, आणि माझीच जुनी पाटी त्याला दिली, निब तेवढी नवी बसवली. आयपॅडचं त्याने अजून सोडलेलं नाही, दहावीनंतर बघू असं ठरलंय. शनिवारी तांब्याचा तिसरा प्रयत्न पाठवला. मान एका रेघेत आलीय, पितळेवरची चमक पण योग्य जागी आहे, फक्त उजेड डावीकडून येतोय आणि एका लिंबाची सावली पण डावीकडेच पडलीय, ते आज रात्री फोन करून सांगायचंय.